धारावीची भट्टी आणि आपल्या अंगणातला डबा



मुंबईला जाण्याचा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांना येतो. कोणाचा मुलगा तिथे नोकरीला असतो, कोणाची बहीण तिथे दिलेली असते. राणीची बाग, चौपाटी आणि महालक्ष्मी पाहून आपण परत येतो. पुढच्या खेपेस सवड काढून आणखी एक ठिकाण पाहा. माहीम स्टेशनवर उतरा आणि पूल ओलांडून पूर्वेला या. समोर धारावी लागते. तिथल्या ‘तेरा कंपाउंड’ नावाच्या भागात मुंबईचे भंगार येऊन पडते, आणि आपल्या तालुक्याच्या भंगारवाल्याचा मालही हात बदलत बदलत अशाच ठिकाणी पोहोचतो.

गल्ली इतकी अरुंद की समोरून हातगाडी आली तर भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. दोन्ही बाजूंना छपरापर्यंत प्लॅस्टिक, पुठ्ठा आणि डबे रचलेले. एका पत्र्याच्या खोलीत जमिनीतच भट्टी आहे. सोनाराची मूस आपण पाहिलेली असते. तशीच, पण घागरीएवढी मूस तिच्यात तापत असते. थंड पेयांचे ते पातळ कॅन, म्हणजे आपण ज्याला जर्मन म्हणतो ते ॲल्युमिनियम, इथे वितळते आणि त्याच्या विटा पडतात.

ही धातू फुकट जाऊ देण्यासारखी नाही. बॉक्साइटच्या मातीपासून एक किलो नवे ॲल्युमिनियम काढायचे तर शेवटच्या विद्युतभट्टीतच सुमारे १४ युनिट वीज लागते. जुने वितळवले की नव्याच्या मानाने जवळजवळ ९५ टक्के ऊर्जा वाचते. एका किलोत साधारण ७० ते ७५ कॅन बसतात. म्हणूनच कोणीतरी ते रस्त्यावरून एकेक वेचत असतो.

भट्टीपूर्वीचे काम मात्र पाहण्यासारखे आहे. एक बाई ढिगाशी बसून कॅन निवडत होती. कशात गोड पाणी, कशात माती, कशात विडीची थोटके. एकातून चांगला मुठीएवढा वाळूचा गोळा निघाला. ती हसून म्हणाली, “हे वजनासाठी, दादा!”

तुमच्या लक्षात आलेच असेल. कापसावर पाणी मारणारे काही महाभाग आपल्याकडेही आहेतच की!

पण कापसावरचे पाणी आणि कॅनमधले पाणी यांत फार फरक आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. त्या रसाखाली पाणी सापडले तर क्षणात त्याची वाफ होते आणि ती सुमारे १,७०० पट जागा मागते. मग रस कारंजासारखा वर उसळतो. त्या भट्टीवरच्या कामगाराच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा डाग होता. “पावसाळ्यातला माल होता,” एवढेच तो म्हणाला. ज्याने ते पाणी राहू दिले त्याला चार पैसे जास्त मिळाले असतील. त्याची किंमत मात्र ज्याने कधी तो कॅन हातात धरला नव्हता, त्याने मोजली.

मातीचेही तसेच. गुऱ्हाळात रस उकळला की मळी वर येते. आपण भेंडीचा रस घालतो आणि झाऱ्याने ती काढतो. इथे मिठासारखी पूड टाकतात आणि मळी खरवडतात. जितका कचरा जास्त तितकी मळी जास्त, आणि मळीबरोबर चांगली धातूही निघून जाते. कॅनवरचा रंग जळतो त्याचा धूर वेगळाच. मोठ्या कारखान्यांत कॅनचे आधी तुकडे करतात, चुंबकाने लोखंड काढतात आणि रंग वेगळ्या भट्टीत जाळून घेतात. पत्र्याच्या खोलीत तो धूर माणसाच्याच छातीत जातो.

लोखंडाची गोष्ट आणखी वाईट. लोखंडी तुकडा त्या उष्णतेला वितळत नाही, पण हळूहळू रसात विरघळतो. एकदा विरघळले की ते काढण्याचा परवडणारा उपाय नाही. धातू ठिसूळ होते आणि तिचा पुन्हा कॅन बनत नाही.

म्हणून व्यापारी सगळ्यांच्याच मालावर कडता कापतो. एकाच्या वाळूचा दंड दहाजणांना बसतो. बाजार समितीत माल नेणाऱ्याला हे दुःख समजावून सांगायला नको.

यावर खर्चाचा उपाय नाही, सवयीचा आहे. ढाब्यावरून किंवा लग्नघरातून कॅन जमले तर ते पालथे घालून वाळवा. ओला कॅन ठेचू नका, पाणी आत अडकते. आत थोटूक, चिंधी, खडा काही कोंबू नका. जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तो डबा लोखंडी, त्याची रास निराळी करा. जर्मनची भांडी आणि तारही कॅनमध्ये मिसळू नका, त्यांची धातू वेगळ्या मिश्रणाची असते.

आणि एक गोष्ट कधीच करू नका. औषधांचे डबे भंगारात देऊ नका. धान्याच्या धुरीच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, ॲल्युमिनियमच्याच डब्यांत येतात. आत भुकटी उरली असेल आणि तिला ओल लागली तर विषारी वायू निघतो. असा डबा त्या निवडणाऱ्या बाईच्या मांडीवर येऊन पडला तर? सोबतच्या पत्रकात लिहिली असेल तशीच त्याची विल्हेवाट लावा.

धारावीतून निघताना त्या बाईला विचारले, “चांगला माल कसा ओळखता?” तिने एक कॅन कानाशी धरून हलवला. काही वाजले नाही.

“हा घरातून निवडून आलाय,” ती म्हणाली, आणि तो न उघडताच भट्टीच्या राशीवर टाकला.