फुलं, निकाल आणि आईचं तिकीट

मंडळी, हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा तोक्यो अजून गारठलेलंच असेल, पण टीव्हीवरचे हवामानवाले साकुराच्या अंदाजाला लागलेले असतील. आपल्याकडे मृगाची वाट बघतात, तशी इथे या फुलांची. मार्च ते मे या दिवसांत इथल्या विद्यापीठांत आणि आसपास काय काय असतं, ते नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी लिहा, असं संपादकांनी सांगितलं. लिहितो. पण यंदा २०२६ च्या वसंतात आमच्या घरचं एक भिजत घोंगडं आहे, ते सांगितल्याशिवाय पुढे सरकता येणार नाही.

थोरली लेक यंदा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. जानेवारीत सामायिक परीक्षा, २५ फेब्रुवारीपासून राष्ट्रीय विद्यापीठांची दुसरी परीक्षा आणि मार्चच्या सुरुवातीला निकाल. विद्यापीठ कुठलं ते लिहायचं नाही, अशी तिची सक्त ताकीद आहे. पूर्वी इथे प्रवेशाचे निकाल तारेने कळवत असत. पास झाला तर ‘साकुरा फुलला’, नाही तर ‘साकुरा गळला’. ज्याचा गळला आणि जो वर्षभर पुन्हा तयारीला बसला, तो ‘रोनिन’, म्हणजे धनी नसलेला सामुराई. शब्द ऐकायला छान आहे. घरात रोनिन असला की कसं वाटतं, ते शेजारच्या घरात पाहिलेलं आहे.

त्यात माझी आई, वय ७४, मुक्काम मिरज, यंदा येते म्हणाली. तेही साकुरालाच.

याला मागची एक गोष्ट आहे. मी २००४ च्या एप्रिलमध्ये मोम्बुकागाकुशोच्या, म्हणजे इथल्या शिक्षण खात्याच्या शिष्यवृत्तीवर ओओकायामाला तोक्यो कोग्यो दाइगाकुत आलो. (हे नाव आता राहिलेलं नाही. १ ऑक्टोबर २०२४ ला ते वैद्यकीय व दंतवैद्यक विद्यापीठात मिळून तोक्यो कागाकु दाइगाकु झालं. माझ्या पदवीच्या कागदावरचं विद्यापीठ आता फक्त कागदावरच आहे.) अण्णांना मी दर वर्षी म्हणायचो, एप्रिलमध्ये या. अण्णा गणिताचे मास्तर, मार्च-एप्रिल म्हणजे परीक्षा आणि पेपर तपासणी. निवृत्त झाले, तर बहिणीचं लग्न निघालं. मग गुडघा. शेवटी २६ मार्च २०११ ची तिकिटं काढली, आणि ११ मार्चला तो भूकंप झाला. त्या वर्षीही तोक्योत साकुरा २८ मार्चला फुललाच, पण उएनोच्या बागेत खाण्यापिण्याच्या मेजवान्या टाळा अशी विनंती होती, कित्येक विद्यापीठांनी प्रवेश समारंभ रद्द केले होते. मी फोनवर म्हटलं, ‘अण्णा, पुढच्या वर्षी नक्की.’ पुढच्या वर्षी फेब्रुवारीतच ते गेले.

त्यामुळे आईच्या तिकिटाची तारीख ठरवताना माझा हात जरा जड झाला.

आता इंजिनिअर माणूस हात जड झाला की काय करतो? एक्सेल उघडतो. तोक्योची सरासरी अशी: फुलायला सुरुवात २४ मार्च, पूर्ण बहर ३१ मार्च. पण सरासरीवर विमानाचं तिकीट काढता येत नाही. २०२०, २०२१ आणि २०२३ मध्ये १४ मार्चलाच फुलला, २०२४ मध्ये २९ मार्चपर्यंत ताटकळत ठेवलं. ‘फुलला’ हे ठरवायची पद्धतही खास जपानी आहे. यासुकुनी देवळाच्या आवारात एक ठरलेलं झाड आहे, हवामान खात्याचा माणूस जाऊन बघतो आणि पाच-सहा फुलं उमललेली दिसली की जाहीर करतो. एकाच झाडावरून अख्ख्या शहराचा निकाल कसा लावतात, असं मला सुरुवातीला वाटायचं. पण बहुतेक सगळीकडे लावलेलं ‘सोमेइ योशिनो’ हे झाड कलमी आहे. आपला हापूस जसा कलमाचा, तसंच. सगळी झाडं एकाच झाडाच्या नकला, म्हणून एका भागात सगळी एकदम फुलतात आणि एकदम गळतात. कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरलेल्या असतात. थंडी पुरेशी पडल्याशिवाय त्या जाग्या होत नाहीत, आणि जाग्या झाल्यावर ऊब लागते. ठोकताळा असा, की १ फेब्रुवारीपासून रोजचं कमाल तापमान मिळवत जायचं, बेरीज ६०० च्या आसपास गेली की फुलं. अण्णांना ही बेरीज फार आवडली असती. ती त्यांनी हातानेच केली असती.

लेकीचा मात्र वेगळाच हिशेब होता. एक दिवस जेवताना म्हणाली, ‘‘बाबा, आजी मे महिन्यात का नाही येत? तेव्हा पण फुलं असतात.’’ आझालिया असतात, खरं आहे. पण मुद्दा फुलांचा नव्हता, हे मलाही कळलं. मग मी आईला फोन करून आडवळणाने म्हटलं, ‘‘निकाल लागेपर्यंत थांबू या का? मग तिकीट काढू.’’

आई म्हणाली, ‘‘का? पास झाली तर पेढे वाटायला तुम्ही दोघं पुरे आहात. नाही झाली तर तुम्ही ऑफिसात जाणार, दिवसभर तिच्याजवळ कोण बसणार?’’

मी फुलांचं सांगितलं, की तू येईपर्यंत गळूनही जातील. ‘‘गळू देत. खाली पडलेली बघीन. मला वर बघितलं की मान धरते.’’

आईचं म्हणणं जसंच्या तसं लेकीला सांगितलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता विचारलंन्, ‘‘आजीला फुतोन चालेल का, की माझा पलंग देऊ?’’ मी त्याच दिवशी तिकीट काढलं, २१ मार्च ते १८ एप्रिल. आमंत्रणपत्र, हमीपत्र वगैरे व्हिसाची कागदं मिरजेला रवाना झाली आहेत.

आता संपादकांचं काम. गुढीपाडवा यंदा १९ मार्चला, गुरुवारी आहे. दुसऱ्या दिवशी शुक्रवारी वसंतसंपाताची सरकारी सुट्टी आहे, तेव्हा सवड आहे. आमची गुढी बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या काठीवर उभी राहते, कठड्याच्या आतल्या बाजूने, कारण बाहेर काही टांगायचं नाही असा इमारतीचा नियम आहे. मार्चच्या अखेरीस पदवीदान असतं, मुली हाकामा घालून फोटो काढत असतात. वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि पहिल्या पंधरवड्यात प्रवेश समारंभ होतात. तोक्यो विद्यापीठाचा १२ एप्रिलला बुदोकानमध्ये असतो, आणि मुलांबरोबर आईवडीलही नटूनथटून जातात. मे महिन्यात त्याच विद्यापीठाच्या होंगो आवारात ‘गोगात्सुसाइ’ भरतो. १९२३ पासूनचा हा विद्यार्थ्यांचा उत्सव. मुलांना जरूर न्या, विद्यार्थी स्वतः प्रयोग दाखवतात आणि रस्त्यावर तळलेल्या नूडल्स विकतात. कोइशिकावाची वनस्पती बागही त्याच विद्यापीठाची, १६८४ मधल्या औषधी बागेपासूनची. तिथे न्यूटनच्या सफरचंदाच्या झाडाचं कलम आहे. पुन्हा कलमच!

आणि ओओकायामा. तिथली मुख्य इमारत १९३४ ची, तिच्यासमोर साकुराची झाडं आहेत, आणि ती बघायला आसपासचे आजीआजोबा, बाबागाड्या, बालवाडीतली पोरं अशी सगळी येतात. २००५ च्या एप्रिलमध्ये मी प्रयोगशाळेत सर्वांत नवा, म्हणून हानामीची जागा धरायचं काम माझ्याकडे आलं. सकाळी सातपासून निळी ताडपत्री पसरून, आईने विणलेला स्वेटर घालून एकटाच कुडकुडत बसलो होतो. प्रवेश समारंभ होऊन दोन-तीन दिवसच झाले होते, तिथेही माझं असं कुणी नव्हतं. एक म्हातारेबुवा कुत्रा घेऊन फिरायला आले होते. चौकशी केली, गेले, आणि यंत्रातून चहाचे दोन गरम डबे घेऊन परत आले. बूट काढून नीट जोडून ठेवले आणि अर्धा तास माझ्याबरोबर बसले. साकुराची फुलं खाली तोंड करून असतात, म्हणून खाली बसूनच बघायची, हे मला त्यांनी शिकवलं. त्यांचं नाव विचारायचं राहिलं. माझं जपानी तेव्हा तेवढंच होतं.

शनिवारी २८ मार्चला आईला तिथे न्यायचं ठरवलं आहे. लेकीचा निकाल तोवर लागलेला असेल, एक तर इकडे नाही तर तिकडे. येणार आहे म्हणते. झाडं बघून मग चालत सेन्झोकु-इकेच्या तळ्याकाठी बसू, आईची मान वर न करता. मंडळातल्या कुणाला यायचं असेल तर खुशाल या. आई मेतकूट आणि जाड पोहे आणते आहे, बटाटेवडे आम्ही करू, बाकी ज्याने त्याने आपलं आणावं. ताडपत्री घेऊन मी सकाळी सातपासून बसलेला असेन. लवकर येणाऱ्याने चहा आणावा.