मशीन चालू आहे, घरघर नाही

वडिलांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्न, हरिनाम सप्ताह, गावच्या रासाई देवीची यात्रा, निवडणुकीची जीप, सगळीकडे आमचेच कर्णे असायचे. ते थकल्यावर पसारा मागच्या खोलीत गेला. आहुजा कंपनीची मशीनं, कर्णे, युनिटं, माईकचे स्टँड, एक रेकॉर्ड प्लेअर, एक कॅसेट डेक आणि वायरींची भेंडोळी. (ॲम्प्लिफायरला आमच्याकडे मशीनच म्हणतात.) भंगारवाल्यानं एक मशीन दोन्ही हातांनी उचलून बघितलं आणि किलोवर भाव सांगितला. त्याचा डोळा ट्रान्सफॉर्मरमधल्या तांब्यावर. चालू आहे का, एवढंसुद्धा विचारलं नाही. त्याला चहा पाजून परत पाठवला आणि मोबाईलवर जाहिरात टाकली.

जाहिरात पडली की पहिला मेसेज ठरलेला : ‘आहे का?’ आहे म्हटलं की दुसरा : ‘लास्ट किती?’ वस्तू कुठली, चालते कशी, याच्याशी या मंडळींना देणंघेणं नसतं. काहींना सगळा लॉट एकदम हवा असतो. ते व्यापारी, घेऊन पुढे विकणारे. त्यांच्यावर राग नाही, पण त्यांचा भाव भंगारवाल्यापेक्षा जरासाच बरा.

मग आले पुण्यातले हौशी लोक. जुन्या वजनदार मशीनचा आवाज नव्यापेक्षा गोड, असं त्यांचं मत. असेलही. पण आमचं मशीन भाषणाला आणि भजनाला बनवलेलं. त्याच्या पाठीवर ४, ८, १६ ओहमच्या शेजारी ७० आणि १०० व्होल्टची लाइन असते. कर्णा देवळापासून लांब वेशीवर बांधायचा, तर एवढ्या वायरीत ताकद वाया जाऊ नये म्हणून व्होल्ट वाढवून पाठवायचे आणि कर्ण्याजवळच्या ट्रान्सफॉर्मरनं उतरवायचे, अशी ती सोय. आवाज मोनो, म्हणजे डावं-उजवं काही नाही. दिवाणखान्यात गाणी ऐकायला हे घेऊ नका, असं मी फोनवरच सांगायचो. घरच्यांना हा व्यवहार अजब वाटायचा.

या मशीनला खरं गिऱ्हाईक भजनी मंडळांचं निघालं. कारण आमच्या मशीनला १२ व्होल्टची बॅटरी जोडता येते. भारनियमनाच्या काळात वडिलांनी कित्येक कीर्तनं ट्रॅक्टरच्या बॅटरीवर पार पाडली. वीज गेली तरी बुवांचा अभंग तुटत नसे. कर्ण्यांना मात्र मागणी कमी. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावण्यावरची बंदी पक्की केली, म्हणजे पहाटेचा काकडा कर्ण्याशिवायच. आणि लग्नात आता टॉप-बेसच्या भिंती लागतात. तिथे कर्ण्याला कोण विचारतो? त्या भिंतींपुढे उभं राहिलं की छाती हादरते आणि नवरदेवाचं नावही ऐकू येत नाही, हे माझं मत.

नुसत्या फोटोवर आवाज विकत नाही, म्हणून मी व्हिडिओ टाकायला लागलो. त्यात आधी माईक न जोडता व्हॉल्यूम पूर्ण चढवायचा. घरघर आली तर बहुतेक वेळा पॉवर सप्लायचे कपॅसिटर सुकलेले असतात; ते बदलून मगच जाहिरात. बटण फिरवताना खरखर आली तर स्प्रे मारून भागतं. कर्ण्याच्या युनिटचा डायफ्राम फाटला असेल, तर ते पहिल्याच ओळीत लिहायचं. दोष आधी लिहिला की फोन कमी येतात, पण येणारा माणूस पैसे घेऊनच येतो.

फसवणारेही भेटले. एकानं लष्करात असल्याचं सांगितलं, वस्तू न बघता, घासाघीस न करता भाव कबूल केला आणि क्यूआर कोड पाठवला. ‘हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील.’ यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. मी फोन ठेवला. कुणाचे असे पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

मोठा व्यवहार मी समोरासमोरच करतो. पुण्याकडचा माणूस सोलापूर महामार्गानं चौफुल्याला येतो, मी मोटारसायकलला मशीन बांधून नदीच्या पुलावरून तिकडे जातो. कॅसेट डेकचं गिऱ्हाईक असंच आलेलं. जवळ स्वतःचा हेडफोन आणि जुनी कॅसेट. डेकचा रबरी पट्टा वितळून काकवीसारखा चिकटला होता, तो बदलल्याचं मी आधीच कळवलेलं. चहाच्या हॉटेलात प्लग मागून त्यानं कॅसेटच्या दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या ऐकल्या. ‘काका, स्पीड बरोबर आहे,’ म्हणाला आणि ठरलेले पैसे मोजून दिले.

कुरियरनं पाठवायचं तर मशीन नकोच. खोकं आपटलं की ट्रान्सफॉर्मरच्या वजनानं आतली पत्रा-चौकट वाकते. रेकॉर्ड प्लेअर जातो, पण तबकडीचं ताट काढून वेगळं गुंडाळावं लागतं, सुईचा हात दोऱ्यानं बांधावा लागतो, त्यामागचं वजन काढावं लागतं. एवढं केलं नाही, तर पोचेपर्यंत सुई गेलीच समजा.

तो रेकॉर्ड प्लेअर अजून माझ्याकडे आहे. मोटर चांगली, झाकणाला तडा, सुई नवी टाकावी लागेल. कुणाला हवा असेल, तर वडगाव रासाईला येऊन वाजवून बघा. संध्याकाळी सातनंतर या; दिवसा मी उसात असतो.