गोचिडांचा डबा

राहुरीजवळच्या आमच्या गोठ्यात दावणीपाशी रॉकेलचा डबा टांगलेला असे. आजी गाईच्या कानामागे, गळ्याच्या पोळीखाली, कासेच्या बेचक्यात बोटं फिरवायची. एरंडीच्या बीसारखे टम्म फुगलेले गोचीड उपटून डब्यात टाकायची. जमिनीवर पडलेले कोंबड्या टिपायच्या. आमच्या गावठी गाईला त्यांचं फारसं काही होत नसे.

मग संकरित गाई आल्या. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ घडवली. नगर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत दुधाने पोरांची शिक्षणं झाली, आमचीही. पण या गाईंत गावठी गाईचा काटकपणा नव्हता. एका वैशाखात आमची पहिलटकर गाय तापाने फणफणली. उन्हाळा बाधला समजून आम्ही तिच्या अंगावर ओली पोती टाकत राहिलो. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजली होती, पण तिचा अर्थ कुणाला कळला नाही. चौथ्या दिवशी गाय गेली. आजी दोन दिवस जेवली नाही.

तो गोचीड ताप होता. गोचिडाच्या लाळेतून ‘थायलेरिया ॲन्युलाटा’ हा परजीवी गाईच्या रक्तात उतरतो आणि पांढऱ्या पेशींना कर्करोगासारखं वाढायला लावतो. आज वेळेत ओळखला तर ब्युपार्वाक्वोनच्या इंजेक्शनने गाय वाचते. लसही आहे. बाधित पेशी प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवल्या की परजीवीचा जहालपणा उतरतो. हैदराबादेत तयार होणारी ‘रक्षावॅक-टी’ अशीच बनते. पण ती उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते आणि बाहेर काढली की लगेच टोचावी लागते. म्हणून दुसऱ्या लशीचा शोध थांबलेला नाही. 2005 मध्ये या परजीवीचा जनुकसंच वाचून झाला, तेव्हापासून त्याची एकेक प्रथिनं लशीसाठी तपासली जात आहेत. मला सर्वांत जवळची वाटते ती गोचिडाविरुद्धचीच लस: गोचिडाच्या आतड्यातलं प्रथिन गाईला टोचायचं, म्हणजे तिचं रक्त पिणारा गोचीडच दुबळा होतो. ऑस्ट्रेलियात 1990 च्या दशकात अशी लस बाजारात आली. आपल्याकडच्या गोचिडांसाठी इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेत संशोधन झालं. आजीच्या बोटांचं काम रक्तानेच करायचं, असा हा प्रयत्न.

कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या नायट्रोजनच्या भांड्यातून येतात, तीच थंडी ‘रक्षावॅक-टी’ला लागते. जी सोय वाडीवस्तीपर्यंत संकरित वासरू पोचवते, तिने त्याची लसही पोचवावी. उन्हाळा लागण्याआधी डॉक्टरांना या लशीबद्दल विचारा, आणि रोज कालवडीच्या कानामागे एकदा बोटं फिरवा.