उताऱ्यावर नसलेली माणसं

आमच्या सांबऱ्याला बाहेरची माणसं विमानतळामुळं ओळखतात. 'बेळगावचं विमानतळ' म्हणतात ते खरं तर सांबऱ्यात आहे, शहरापासून दहाएक किलोमीटरवर. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, ब्रिटिशांच्या हवाई दलानं इथं धावपट्टी केली. पुढं भारतीय हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आलं, मग नागरी विमानं आली, विस्तारासाठी आणखी ३७० एकर जमीन गेली आणि २०१७ मध्ये नवी टर्मिनल इमारत उभी राहिली. त्यामुळं आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना 'भूसंपादन' हा शब्द पुस्तकातून शिकावा लागत नाही. जमीन जाणं म्हणजे काय, नोटीस येणं म्हणजे काय, हे त्यांना शेताच्या बांधासारखं पाठ असतं.

पण हा लेख विमानतळाबद्दल नाही. तो गावाला चिकटून जाणाऱ्या रस्त्याबद्दल आहे. बेळगावहून निलजी, मुतगे करत हा रस्ता सांबऱ्याला येतो आणि पुढं बाळेकुंद्रीवरून थेट बागलकोटच्या दिशेनं जातो. उसाचे ट्रॅक्टर, बसगाड्या, विमान गाठायला निघालेल्या मोटारी आणि शाळेला चाललेली पोरं, सगळ्यांचा हाच एक रस्ता. तो रुंद होणार अशी चर्चा आमच्याकडं दर दोन-चार वर्षांनी उठते आणि विरते. कुणी मोजपट्टी घेऊन उभा दिसला तरी संध्याकाळपर्यंत कट्ट्यावर चार वेगवेगळे आकडे फिरतात. कुणाचं अंगण जाणार, कुणाची पायरी जाणार, कुणाची अर्धी खोली.

यंदा समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी सरांनी विषय दिला होता : रस्ते सुधारणेच्या कामांमुळं स्थानिक लोक कसे विस्थापित होऊ शकतात, याचं मूल्यमापन. बाकीच्यांनी मुंबईतलेच रस्ते निवडले. मी म्हटलं, सुट्टीत गावी जातेच आहे तर आपलाच रस्ता बघू.

विस्थापन म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर धरण यायचं. आमच्या भागात ते साहजिकही आहे. घटप्रभेवरच्या हिडकल धरणात बुडालेल्या हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं आणि लोक ते बघायला जातात. धरणाचं विस्थापन असं डोळ्यांना दिसतं. अख्खं गाव उठतं, नकाशावरून नाव जातं, मोर्चे निघतात. रस्त्याचं तसं नसतं. धरण गाव गिळतं, रस्ता गाव कुरतडतो. इथं चार फूट, तिथं सहा फूट. कुणी एकदम गाव सोडून जात नाही, म्हणून कुणी गेलं असं कुणाला वाटतही नाही.

तर मी वही घेऊन निघाले. वहीत रकाने आखले होते : मालकाचं नाव, उतारा क्रमांक, क्षेत्र, बांधकाम कच्चं की पक्कं. सुरुवात आमच्याच घरापासून केली, कारण आमचं घर रस्त्याला लागूनच आहे. आप्पांनी पेटीतून उतारा काढून दिला आणि रकाने पटापट भरले. घराच्या पुढच्या खोलीत पंक्चर काढणारे एक काका भाड्यानं असतात. त्यांच्यासाठी वहीत रकानाच नव्हता. रस्ता रुंद झाला आणि ती खोली गेली तर भरपाईचा कागद आप्पांच्या नावे येईल. काकांचं काय होईल, हे वही सांगत नव्हती.

पुढं स्टॉपजवळ झाडाखाली आक्काचा भजीचा गाडा आहे. मी चौथीत असल्यापासून तो तिथंच आहे. आक्कानं माझी वही हातात घेतली, उलटीपालटी केली आणि विचारलं, "ह्यात माझं नाव कुठल्या रकान्यात घालतीस गं?"

मी म्हटलं, "जागा कुणाची आहे, आक्का?"

"जागा सरकारची. झाड बी सरकारचं. भजी तेवढी माझी."

ती हसली, पण पुढचं बोलली ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. "रस्ता करा की, नको कोण म्हणतंय? पर झाड गेलं की सावली जाती. सावली गेली की बसणारं माणूस जातंय. गाडा ढकलून चार हात मागं नेता येतो, सावली कशी न्यायची?"

त्या दिवशी मी आखलेले रकाने बाजूला ठेवले आणि वहीच्या नव्या पानावर नुसती माणसं लिहायला सुरुवात केली. मुतग्याहून भाजीची पाटी घेऊन येणाऱ्या बायका. दुसऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर बसणारा चांभारकाम करणारा आजोबा. पिठाची गिरणी, जिची मशिनं मालकाची नि खोली भाड्याची. हंगामात उसाचा रस काढणारं कुटुंब. रस्त्याच्या पलीकडच्या शेतात मजुरीला जाणाऱ्या, रोज दोनदा रस्ता ओलांडणाऱ्या बायका. यांतल्या बहुतेकांचं नाव कुठल्याही उताऱ्यावर नाही. पण रस्ता बदलला तर सगळ्यात आधी यांचाच दिवस बदलेल.

मग मी कायदा वाचला. १८९४ चा इंग्रजांचा भूसंपादन कायदा जाऊन त्याच्या जागी २०१३ चा नवा कायदा आला आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. या कायद्यात एक मोठी गोष्ट आहे. 'बाधित कुटुंब' म्हणजे फक्त जमिनीचा मालक नव्हे. ज्यांच्याकडं जमीन नाही, पण जे तीन वर्षं त्या भागात कूळ, वाटेकरी, शेतमजूर किंवा कारागीर म्हणून राबत आहेत आणि ज्यांचं पोट त्यावरच आहे, तेही बाधित धरले जातात. जमीन घ्यायच्या आधी सामाजिक परिणामांचं मूल्यमापन करावं, गावात जनसुनावणी घ्यावी, असंही हा कायदा सांगतो. घराचा फक्त तुकडाच घेतला जात असेल तर मालक 'घ्यायचं तर पूर्ण घर घ्या' असं म्हणू शकतो. लहान व्यापारी आणि कारागीर कुटुंबाला किमान २५,००० रुपयांची एकरकमी मदत धरलेली आहे. वाचताना मला वाटलं, चला, आक्काला रकाना सापडला.

पण खाली आणखी वाचत गेले. राष्ट्रीय महामार्गांसाठी जमीन घेतली जाते ती १९५६ च्या वेगळ्या कायद्यानं. २०१३ च्या कायद्यातली भरपाई आणि पुनर्वसन २०१५ पासून त्यालाही लागू झालं, पण सामाजिक परिणामांच्या मूल्यमापनाची अट लागू नाही. तिथं अधिसूचना निघते, ती दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापली जाते आणि हरकत घ्यायला मिळतात २१ दिवस. दोनपैकी एक वर्तमानपत्र स्थानिक भाषेतलं असावं, असं कायदा म्हणतो. आता आमच्यासारख्या सीमेवरच्या गावात 'स्थानिक भाषा' म्हणजे कोणती, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. घरात मराठी, कागदावर कन्नड. २१ दिवसांतले चार-पाच दिवस तर कागदात काय लिहिलंय हे कुणाकडून तरी वाचून घेण्यातच जातात.

आणि आक्काची गोष्ट याच्याही पलीकडची आहे. आहे तोच रस्ता सुधारायचा असेल, नि तो सरकारच्याच हद्दीत रुंद होणार असेल, तर जमीन कुणाकडून घ्यावी लागतच नाही. संपादन नाही, म्हणून अधिसूचना नाही, हरकत नाही, सुनावणी नाही. कागदोपत्री कुणीच विस्थापित होत नाही. नुसतं 'अतिक्रमण' निघतं. नवा रस्ता निघाला की निदान गाजावाजा होतो. 'सुधारणा' हा शब्द मात्र इतका निरुपद्रवी आहे की त्याच्या आड कोण हलतंय हे बघायचं कुणाला सुचत नाही.

मोजणी चुकली की काय होतं, याचं उदाहरण मुंबईतच सापडलं. आपण सगळे सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्त्यावरून कधी ना कधी गेलो आहोत. जागतिक बँकेच्या कर्जातून २००२ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या वाहतूक प्रकल्पाचा तो भाग होता. प्रकल्पामुळं किती माणसं हलतील याचा आधीचा अंदाज ऐंशी हजारांच्या आत होता. पुढं तो १ लाख २० हजारांपर्यंत गेला. दुकानदारांचा हिशेब तर फारच तोकडा निघाला. माणसाला राहायला खोली देता येते, पण कुर्ल्याच्या रस्त्यावरचं गिऱ्हाईक मानखुर्दच्या इमारतीत नेऊन देता येत नाही. दुकानदारांनी २००४ मध्ये थेट बँकेच्या तपासणी समितीकडं तक्रार केली. समितीनं चौकशी केली आणि मार्च २००६ मध्ये बँकेनं रस्त्याच्या कामाचे पैसे काही महिने रोखून धरले. रस्ता वाहतुकीला खुला झाला तो २०१४ मध्ये. म्हणजे आधी नीट न मोजल्यानं रस्ताही लवकर झाला नाही. माणसं मोजत बसलं की कामाला उशीर होतो, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आमच्या बेळगावातही धडे आहेत. हलगा–मच्छे बायपास साधारण साडेनऊ किलोमीटरचा. पुणे–बेंगळूरु महामार्ग आणि गोव्याकडं जाणारा रस्ता जोडणारा. तो शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या भागातल्या काळ्या, सुपीक शिवारातून जातो. तिथले शेतकरी दहा वर्षांहून जास्त काळ झगडत आले. त्यांचा वाद भरपाईपुरता नव्हता. रस्त्याचा 'झिरो पॉइंट' नेमका कुठं धरला, इथपासून त्यांनी कोर्टात प्रश्न विचारले. शहरात शहापूर भागात एका रस्त्यासाठी खासगी जागा रीतसर संपादन न करता वापरली गेली. मालक उच्च न्यायालयात गेला आणि २०२४ मध्ये सुमारे २० कोटी रुपयांच्या भरपाईचा प्रश्न पालिकेपुढं उभा राहिला. शेवटी जागा परत करण्याची पाळी आली. दोन्हीकडं लढू शकले ते ज्यांच्या हातात कागद होता. भाडेकरू, मजूर, गाडेवाले यांच्या नावानं कुठला खटला उभा राहिल्याचं मला तरी दिसलं नाही.

मी रस्त्याच्या विरोधात नाही, हेही सांगायला हवं. रात्री कुणाला सिव्हिल हॉस्पिटलला न्यायचं असलं की रस्त्याचा एकेक खड्डा जिवावर येतो. ऊस हंगामात दुचाकीवाल्याला जागाच उरत नाही. मी स्वतः त्याच रस्त्यानं शिकायला बाहेर पडले. रस्ता चांगला झालाच पाहिजे. प्रश्न एवढाच की तो कुणाच्या खर्चानं चांगला होतो, आणि तो खर्च कुठल्या वहीत लिहिला जातो.

म्हणून माझ्या प्रकल्पात मी मूल्यमापनासाठी काही साधे प्रश्न सुचवले. जागा कुणाची, याच्या आधी विचारा की इथं रोज कोण असतं आणि किती वर्षांपासून. घराची भिंत शाबूत राहिली तरी रस्त्याची पातळी उंबऱ्यापेक्षा वर जाते का? कारण मग पहिल्याच पावसात पाणी घरात येतं. मध्ये दुभाजक आला तर शाळेची पोरं आणि मजूर बायका पलीकडं कुठून जाणार? स्टॉप हलला तर त्याच्या आधारावरचे धंदे कुठं जाणार? कुठली झाडं तुटणार आणि त्यांच्याखाली कोण बसतं? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो : रस्ता झाल्यावर भाडी किती वाढणार? कारण पंक्चरवाल्या काकांची खोली रस्त्यात गेली नाही, तरी रस्ता गुळगुळीत झाल्यावर त्याच खोलीला मोबाईलच्या दुकानाचं भाडं मिळेल. तेव्हा काकांना उठवणारा कुणी सरकारी माणूस नसेल. उठवणारे आम्हीच असू. आप्पांना मी हे विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "त्याचं बी नाव लिही वहीत. आमच्या नावाखालीच लिही."

आपल्या मंडळातले बरेच जण लहान गावांतून आलेले आहेत. जवळपास प्रत्येकाच्या गावाला असा एक रस्ता आहे, जो आज ना उद्या रुंद होणार आहे. सुट्टीत गावी जाल तेव्हा एक काम करा. गावातला एक किलोमीटर निवडा. सकाळी एकदा नि संध्याकाळी एकदा चालत जा आणि रस्त्याच्या आधारानं जगणारं प्रत्येक माणूस वहीत लिहा. कधीपासून बसतात ते लिहा, त्यांच्याकडं पंचायतीची पावती, विजेचं बिल, जुना फोटो असं काही असेल तर तेही नोंदवा. ते तयार असतील तर एक फोटो काढा आणि त्यांनाही त्याची प्रत द्या. आणि प्रत्येक पानावर तारीख न विसरता घाला. अशा प्रकल्पांत एक दिवस ठरवला जातो, आणि त्या दिवसाआधी तुम्ही तिथं होता हे दाखवावं लागतं. उताऱ्यावर ज्यांचं नाव नाही, त्यांच्यासाठी ती तारीख हाच काय तो उतारा.