अननसाला आधी वाफ द्या

अननस आणि दूध मिक्सरमध्ये फिरवून पाहुणे येईपर्यंत फ्रीजमध्ये ठेवलं, की स्मूदी हमखास कडू होते. वरून कितीही साखर घाला, कडवटपणा जात नाही. याला कारण अननसातलं ब्रोमेलिन नावाचं विकर. ते दुधातल्या प्रथिनांचे तुकडे पाडतं, आणि त्यातले काही तुकडे चवीला कडू असतात. शिवाय अननसाच्या आंबटपणाने दूध फाटतं ते वेगळंच. केळ्याचा आंबटपणा सौम्य, म्हणून शिकरण फाटत नाही.

फळांचा गर टिकवणं हे माझं रोजचं काम. घरच्या स्मूदीबद्दल कुणी विचारलं, की मिक्सर कोणता घ्यावा हे मी सांगत नाही. फळ कापल्यावर त्याच्या आत काय सुरू होतं, ते सांगते. तेवढं कळलं की साखर आणि बर्फ दोन्ही निम्म्यावर येतात.

अननसाच्या फोडी झाकण ठेवून पाचेक मिनिटं चांगल्या वाफवा. आतपर्यंत गरम झाल्या की ब्रोमेलिन निकामी होतं. गार झाल्यावर फोडी सुट्या पसरून फ्रीजरमध्ये ठेवा. कारखान्यात फळ झटपट गोठवतात, कारण सावकाश गोठलं तर बर्फाचे मोठे स्फटिक होऊन पेशी फाटतात आणि फोड लिबलिबीत होते. आपल्याला तर ती वाटायचीच आहे! घरचा संथ फ्रीजर इथे उलट उपयोगी पडतो.

दोन ग्लासांसाठी अर्धी वाटी ताजं दही, गोठवलेल्या अननसाची एक वाटी, एक पिकलेलं केळं, आल्याचा बारीक तुकडा आणि चिमूटभर सैंधव. दही आधी घाला, म्हणजे पातं अडत नाही. थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं तर भांडं तापतं, हवा मिसळते आणि रंगही काळवंडतो. करून लगेच प्या.

दिवाळीच्या दिवसांत नाशिकच्या बाजारात सीताफळ असतं, आणि त्याचा स्वभाव अगदी उलटा. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो, म्हणून त्याला वाफ मुळीच नको. बिया हाताने किंवा जाड चाळणीवर काढा, पण एकही बी मिक्सरमध्ये जाऊ देऊ नका. ती विषारी असते. तिची पूड उवा मारायला वापरत, आणि डोळ्यात गेली तर डोळ्याला मोठी इजा होते. याबाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही. पेरूच्या बिया निरुपद्रवी, पण दाताखाली येतात. गर गाळून घ्या. पेरूतल्या पेक्टिनमुळे स्मूदीला मलईशिवाय दाटपणा येतो. सटाणा-मालेगावकडचं भगवा डाळिंब मात्र मिक्सरमध्ये घालूच नये असं माझं मत. बी भरडली की तुरटपणा उतरतो. त्यापेक्षा दाणे वरून पेरा.

निफाड-दिंडोरीची द्राक्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये भरात येतात. द्राक्ष तोडल्यावर आणखी गोड होत नाही, तेव्हा घेताना चाखून घ्या. धुऊन, पुरती कोरडी करून, देठ काढून गोठवा आणि मे महिन्यात बर्फाऐवजी तीच वापरा. बर्फ वितळला की स्मूदी पाणचट होते. द्राक्ष वितळलं तरी त्याचा रसच उतरतो.