त्रेसष्ट ते त्र्याण्णव

डुकराच्या खांद्याचं मांस ओव्हनमध्ये दोनदा तयार होतं. पहिल्यांदा, त्याच्या गाभ्याचं तापमान ६३ अंश सेल्सिअसला पोहोचतं तेव्हा. तेव्हा ते शिजलेलं असतं, खायला सुरक्षित असतं, पण दातांना दाद देत नाही. दुसऱ्यांदा तयार होतं ते ९० ते ९५ अंशांच्या दरम्यान. मी स्वतः ९३ धरते. आता बोट लावलं तरी त्याचे धागे सुटतात. या दोन आकड्यांच्या मध्ये दोन-तीन तास जातात, तुकडा मोठा असेल तर त्याहूनही जास्त, आणि नेमके हेच तास बहुतेकांना निभावत नाहीत. हॉटेल मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांना मी मांसाचे पदार्थ शिकवते. दर वर्षी कुणीतरी मधेच ओव्हन उघडतं, सुरी खुपसतं आणि पडलेल्या चेहऱ्याने सांगतं, ‘मॅडम, जास्त शिजलं, वातड झालं.’ जास्त कुठलं, ते अजून निम्म्या वाटेवर असतं. त्याला परत आत ढकलायचं, दार लावायचं आणि दुसऱ्या कामाला लागायचं.

खांद्याचंच मांस का, हे आधी सांगायला हवं. डुकराच्या पाठीचं मांस जन्मभर फारसं काही करत नाही. ते मऊच असतं, ६३ अंशांवर बाहेर काढलं की उत्तम, त्यापुढे नेलं की कोरडं ठक्क. पुढच्या पायांना मात्र शरीराचा भार पेलायचा असतो, चालायचं असतं, जमीन उकरताना मानेला आणि डोक्याला जोर पुरवायचा असतो. म्हणून खांद्यात अनेक लहानमोठे स्नायू वेगवेगळ्या दिशांनी धावतात. प्रत्येकावर चिवट पांढरं वेष्टन, आणि दोन स्नायूंच्या मध्ये चरबीचे थर. अमेरिकन खाटीक याचे दोन भाग करतात. वरचा, फऱ्याचं चपटं हाड असलेला, तो ‘बोस्टन बट’. खालचा, पायाचं हाड आणि बहुतेकदा कातडीही असलेला, तो ‘पिकनिक’. दोन्ही स्वस्त, कारण घाईच्या स्वयंपाकात दोन्ही निरुपयोगी. मला विचाराल तर अख्ख्या डुकरात यासारखा चवदार भाग दुसरा नाही.

आता त्या मधल्या तासांत आत काय चालतं ते पाहू. स्नायूंच्या तंतूंमध्ये प्रथिनं असतात. त्यांतलं मायोसिन ५० अंशांच्या आसपास आकसायला लागतं, अ‍ॅक्टिन ६५ अंशांनंतर. अ‍ॅक्टिन आकसलं की तंतू पिळवटतात आणि आतलं पाणी बाहेर फेकतात. म्हणून साठीच्या उत्तरार्धातलं मांस सगळ्यात वाईट: पाणी गेलेलं, पण चिवट वेष्टन जसंच्या तसं. हे वेष्टन कोलॅजनचं असतं. कोलॅजन म्हणजे एकमेकींभोवती घट्ट पिळलेल्या प्रथिनांच्या तीन साखळ्या. साठीच्या पुढे ते आधी आकसतं आणि मांसाला आणखी आवळतं. सत्तरीच्या पुढे साखळ्या हळूहळू सुटायला लागतात आणि त्यांचं जिलेटिन होतं. हे ‘हळूहळू’ महत्त्वाचं. कोलॅजन सुटायला तापमान लागतं तसा वेळही लागतो, आणि आच दुप्पट केली म्हणून वेळ निम्मा होत नाही. बाहेरचं मांस जळतं आणि आतलं तसंच राहतं. जिलेटिन स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतं. त्यामुळे तुकड्याने जवळजवळ तिसरा हिस्सा वजन गमावलेलं असूनही जिभेला तो रसाळ लागतो. मांसासाठी पाळलेली डुकरं साधारण सहा महिन्यांची असताना कापली जातात. एवढ्या कोवळ्या जनावराचं कोलॅजन म्हाताऱ्या जनावरापेक्षा पुष्कळ लवकर शरण येतं, हाही आपला फायदाच.

या वाटेवर एक थांबा येतो, त्याने जुनेजाणतेही अस्वस्थ होतात. गाभ्याचा आकडा बऱ्यापैकी वेगाने चढत असतो आणि ६५ ते ७० च्या दरम्यान कुठेतरी एकदम अडतो. अर्धा तास, कधी तास-दीड तास हलतच नाही. ओव्हन बिघडला असं वाटून लोक आच वाढवतात. बरीच वर्षं याला वेगवेगळी कारणं दिली जायची: चरबी वितळते म्हणून, कोलॅजन उष्णता खातं म्हणून. ग्रेग ब्लॉन्डर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने प्रयोग करून दाखवलं की कारण साधं आहे: मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने हा खांदा तापलेल्या ओव्हनमध्ये तापायचा थांबतो. उपायही त्यातूनच निघतो. तुकडा फॉइलने घट्ट झाकला की वाफेला वाट राहत नाही आणि आकडा पुन्हा चालायला लागतो. झाकल्यावर वरचा करकरीतपणा जातो, पण तो शेवटी परत आणता येतो.

मंद आचेचं हे गुपित विज्ञानाच्या जगात एका खांद्यामुळेच पोहोचलं, तो मेंढ्याचा होता एवढंच. बेंजामिन थॉम्प्सन ऊर्फ काउंट रम्फर्ड (१७५३–१८१४) हा उष्णतेचा मोठा अभ्यासक. बटाटे वाळवायला बनवलेल्या यंत्रात मांस भाजता येईल का, हे पाहायला त्याने मेंढ्याचा खांदा त्यात ठेवला. तीन तास वाट पाहूनही मांस शिजण्याची लक्षणं दिसेनात, तेव्हा वैतागून तो घरी गेला. मोलकरणींनी तो तुकडा रात्रभर तिथेच राहू दिला. सकाळी पाहिलं तर तो उत्तम शिजलेला, आणि चव अशी की रम्फर्डने त्यावर लिहून ठेवलं. पुढे निकोलस कुर्ती या ऑक्सफर्डच्या भौतिकशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये स्वयंपाकघरातल्या भौतिकशास्त्रावर व्याख्यान दिलं, आणि रम्फर्डच्या या पद्धतीचा त्यानेही पुरस्कार केला. माझ्या विषयाला प्रयोगशाळेची प्रतिष्ठा ज्यांनी मिळवून दिली, त्यांत या दोघांची नावं मी आवर्जून घेते.

पण खांदा कसा भाजायचा हे मी शिकले ते न्यूयॉर्कमध्ये, एका प्युर्टो रिकन बाईंकडून. मी तिथल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात उमेदवारी करत होते आणि त्या तिथल्या सगळ्यात ज्येष्ठ. प्युर्टो रिकोत नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण डुकराशिवाय होत नाही. बेटावर, कायेजवळच्या गुआवातेच्या डोंगररस्त्यावर, अख्खं डुक्कर सळईवर फिरवत निखाऱ्यांवर भाजणारी दुकानं ओळीने आहेत. न्यूयॉर्कच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर अख्खं डुक्कर कुठे भाजणार? तिथे सणाचा सगळा भार ओव्हनमधल्या खांद्यावर येतो. त्याला ते ‘पेर्निल’ म्हणतात. त्या बाई मला ईस्ट हार्लेममधल्या ‘ला मार्केता’ बाजारात घेऊन गेल्या. रेल्वेच्या पुलाखालचा हा बाजार १९३६ पासूनचा. खाटकाकडे त्यांनी पिकनिकचे तुकडे एकेक करून उलटेपालटे केले आणि कातडी अखंड असलेला निवडला. ‘मिहा (पोरी), कातडी फाटली की सण फाटला,’ म्हणाल्या.

त्यांची कृती मी आजही तशीच करते. लाकडी खलात लसणाचे अख्खे दोन गड्डे, मीठ, मिरे आणि वाळलेला ओरेगानो कुटायचा. त्यात ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर. मग कातडीची एक बाजू जागेवर ठेवून बाकीची सुरीने चरबीसह अलगद सोडवायची आणि उचलून धरायची. खालच्या मांसात अरुंद सुरी हाडापर्यंत खुपसून भोकं पाडायची आणि बोटाने प्रत्येक भोकात वाटण ठासायचं. त्या बाईंचं बोट मुळापर्यंत आत जायचं. वाटण संपलं की कातडी पुन्हा पांघरायची, तिच्यावर वाटणाचा कणही राहू द्यायचा नाही. लसूण करपून कडू होतो. कातडीला फक्त मीठ चोळायचं आणि रात्रभर फ्रिजमध्ये उघडंच ठेवायचं, म्हणजे ती कोरडी पडते. कोरडी कातडी फुलते, ओली नुसती चिवट होते.

मांस झालं की नाही हे त्या थर्मामीटरने पाहत नसत. चिमट्याने पायाचं हाड धरायचं आणि हळूच पिळायचं. हाड मांसाला ओढत फिरलं तर अजून वेळ आहे. ते मांसातून मोकळं, स्वतःपुरतं फिरलं की झालं. मी नंतर कितीदा तरी या खुणेच्या वेळी थर्मामीटर लावून पाहिलं. आकडा नव्वदीच्या पुढेच असायचा. मग आच २३० पर्यंत चढवायची, फॉइल काढायचं आणि ओव्हनसमोरून हलायचं नाही. कातडीवर आधी बारीक फोड येतात, मग ते एकमेकांत मिसळतात. सुरीच्या पाठीने टकटक केल्यावर पोकळ, कोरडा आवाज आला की बाहेर.

सोबतीला भात, त्यात हिरवे ‘गांदुलेस’, आणि रंगाला शेंद्रीच्या बिया तापवलेलं तेल. पहिला घास घेतला आणि मी थबकलेच. गांदुलेस म्हणजे आपले तुरीचे ओले दाणे! तूर मूळची भारतातली. इथून ती आफ्रिकेत गेली आणि गुलामांच्या व्यापाराच्या काळात कॅरिबियनमध्ये पोहोचली. डुकरं आली वेगळ्या वाटेने, कोलंबसाच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीत. लसूण आणि व्हिनेगरमध्ये डुकराचं मांस मुरवणं ही इबेरियन द्वीपकल्पाची सवय. स्पॅनिशांनी ती प्युर्टो रिकोत नेली, पोर्तुगीजांनी गोव्यात. गोव्याच्या विंदालूत माडाचं व्हिनेगर आणि सुकी मिरची आली, प्युर्टो रिकोत ओरेगानो, पण लसूण-व्हिनेगरचा पाया एकच. गोवेकर किंवा वसईकर ख्रिस्ती घरातल्या माझ्या विद्यार्थ्यांना पेर्निलचं वाटण हुंगायला दिलं की ते लगेच घरचं काहीतरी आठवून बोलायला लागतात.

आपल्याकडे या मांसाबद्दल भीती फार आहे. ज्यांच्या धर्मात ते निषिद्ध आहे त्यांचा प्रश्नच नाही. पण ‘डुकराचं खाल्लं की मेंदूत किडे होतात’ हे वाक्य मी सुशिक्षित घरांत ऐकते, आणि ते अर्धवट आहे. कच्च्या किंवा अर्धकच्च्या मांसात पट्टकृमीच्या अळ्या असतील तर खाणाऱ्याच्या आतड्यात कृमी वाढतो. मेंदूतल्या गाठी होतात त्या या कृमीची अंडी पोटात गेल्यामुळे, आणि ती अंडी बाधित माणसाच्या विष्ठेतून येतात: न धुतलेल्या हातांवरून, दूषित पाण्यातून, कच्च्या भाजीवरून. म्हणजे जन्मात डुकराला न शिवलेल्या शाकाहारी माणसालाही हा आजार होऊ शकतो. अळ्या उष्णतेने मरतात, आणि आपला खांदा तर सत्तरीच्या पुढे तासन्‌तास असतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये डुकराच्या अखंड तुकड्यांसाठीची सुरक्षित पातळी ७१ वरून ६३ अंशांवर आणली, त्यावर तीन मिनिटं विश्रांती. तरीही मांस घ्यायचं ते बंदिस्त गोठ्यात, देखरेखीखाली वाढवलेल्या डुकराचंच. उकिरड्यावर मोकाट फिरणाऱ्याचं कधीच नाही. याबाबतीत मी तडजोड करत नाही.

घरी करायचं तर साधारण दोन किलोचा, हाड आणि कातडी असलेला तुकडा सांगून ठेवा. लहान ओटीजीत याहून मोठा मावत नाही. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी केस जाळून काढतात, त्यामुळे कातडीवर काळं पुट असतं. ते सुरीने खरवडून, धुऊन, पुसून कोरडं करा. मीठ वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे दोन किलोला ३० ते ४० ग्रॅम, आणि ते आदल्या रात्री, कारण मिठाला आत शिरायला वेळ लागतो. ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका, वीस-तीस अंशांचा फरक सर्रास असतो. आत ठेवायचा साधा थर्मामीटर थोड्या पैशांत मिळतो. १५० अंशांवर, फॉइलने झाकून, चारेक तास धरून चाला. गाभ्याचा थर्मामीटर हाडाला टेकवू नका, आकडा खोटा येतो. पाहुणे आठला येणार असतील तर सहाला तयार होईल असा हिशेब ठेवा. लवकर झालं तर झाकून ठेवता येतं, उशीर झाला तर इलाज नाही. शेवटच्या मोठ्या आचेनंतर अर्धा तास तरी कापू नका.

तळाशी साठलेला रस टाकून देणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. तो गाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर पांढरी चरबी आणि खाली थरथरती जेली मिळेल. खांद्यातून सुटलेलं कोलॅजन ते हेच. डिसेंबरात बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा येतात. त्या चरबीत लसूण परता, सोललेले दाणे आणि धुतलेला तांदूळ घाला, उरलेलं मांस हाताने सोडवून त्यात टाका, आणि थोडं पाणी कमी करून तेवढी जेली ओता. मीठ मात्र आधी चाखून मगच घाला, जेलीत ते भरपूर उतरलेलं असतं.