हलकी प्रणाली आणि अडलेला प्रिंटर

जुन्या संगणकावर हलकी लिनक्स प्रणाली बसवली, की पहिली तक्रार बहुधा प्रिंटरची येते. पपी, अँटीएक्स, लुबुंटू या प्रणाली थोडक्या रॅमवर निभावून नेतात, कारण त्यांच्यात गरजेपुरतेच सामान भरलेले असते. मात्र ही गरज ठरवताना छपाईचा विचार झालेला असतोच असे नाही. त्यामुळे इथे बिघाड शोधायला बसण्याआधी काय भरायचेच राहिले आहे ते पाहावे. वसई-विरारच्या पश्चिमेला समुद्राला लागून असलेल्या राजोडीसारख्या गावात झेरॉक्सच्या दुकानातला संगणक जुना असणे साहजिक आहे. सातबारा किंवा शाळेचा फॉर्म हवा असलेल्या गिऱ्हाइकाला मात्र प्रणाली हलकी की जड याच्याशी देणेघेणे नसते.

तपास तळापासून वर न्यावा. आधी केबल. खाऱ्या हवेत यूएसबीच्या तोंडाला गंज धरतो, म्हणून केबल काढून, तोंड पुसून, शक्यतो संगणकाच्या मागच्या पोर्टला लावावी. मग टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ ही कमांड द्यावी. जोडलेल्या वस्तूंच्या यादीत प्रिंटरच्या कंपनीचे नाव आले, तर तारेपर्यंतचे काम ठीक आहे. ते आले नाही, तर ड्रायव्हर बदलत बसण्यात वेळच जातो.

पुढची पायरी ‘कप्स’ची. मायकेल स्वीट यांनी लिहिलेली ही छपाई-व्यवस्था १९९९ मध्ये बाहेर आली, २००७ मध्ये ॲपलने विकत घेतली आणि आज बहुतेक लिनक्सवर तीच छपाई सांभाळते. ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ लिहून पुढे ६३१ हा पोर्ट दिला, की तिचे पान उघडते. पान उघडलेच नाही, तर कप्स बसवलेले नाही किंवा चालू नाही. अँटीएक्सवर इथे एक नेहमीचा घोळ होतो. बहुतेक मार्गदर्शिकांमध्ये सेवा सुरू करायला ‘सिस्टिमसीटीएल’ सांगितलेले असते, पण ती कमांड सिस्टिमडीची आहे आणि अँटीएक्स सिस्टिमडीशिवाय चालते. तिथे ‘सर्व्हिस’सारखी जुनी कमांड वापरावी लागते. पान उघडते पण प्रिंटर जोडू देत नाही, अशा वेळी वापरणाऱ्याचे नाव ‘एलपीअ‍ॅडमिन’ या गटात नसण्याची शक्यता मोठी. नाव घालून बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावे, त्याशिवाय बदल लागू होत नाही.

प्रिंटर यादीत आहे आणि कागद निघत नाही, तेव्हा रांग पाहावी. एखादे काम फसले की कप्स अनेकदा ती रांगच थांबवून ठेवते. वापरणाऱ्याला ते दिसत नाही. तो पुन्हा पुन्हा प्रिंट देतो आणि रांग सुरू झाल्यावर एकाच अर्जाच्या पाच प्रती धडाधड बाहेर पडतात. आधी साचलेली कामे रद्द करावीत, मग रांग मोकळी करावी आणि कप्सच्याच पानावरून चाचणी-पान काढावे. ते नीट निघाले, तर दोष ज्या प्रोग्राममधून प्रिंट दिली त्याच्याकडे आहे.

खरी अडचण ड्रायव्हरची. जुन्या स्वस्त लेझर प्रिंटरमध्ये पान आखण्याची बुद्धी नसते. पान संगणकाने आखायचे आणि प्रिंटरने ते फक्त उमटवायचे. एचपीचा लेझरजेट १०२० तर स्वतःचे फर्मवेअरही जवळ ठेवत नाही, प्रत्येक वेळी चालू केल्यावर ते संगणकाकडून घेतो. ते मिळाले नाही, तर संगणकाला प्रिंटर दिसतो, पण छपाई होत नाही. ‘एचपीलिप’ या एचपीच्या ड्रायव्हर-संचाबरोबर त्याचा प्लगइन वेगळा बसवावा लागतो, नाहीतर ‘फू२झेडजेएस’ हा ड्रायव्हर घ्यावा. कॅननच्या एलबीपी २९०० ला ‘कॅप्ट’ ड्रायव्हर लागतो. ६४ बिट प्रणालीवरही कॅननच्या या ड्रायव्हरला ३२ बिटच्या काही लायब्ररी हव्या असतात आणि हलक्या प्रणालीत नेमक्या त्याच नसतात. काय कमी पडते ते कप्सच्या ‘एरर लॉग’मध्ये लिहिलेले सापडते. शेवटच्या वीसेक ओळी वाचणे हे अंदाजाने तीन ड्रायव्हर बसवून पाहण्यापेक्षा स्वस्त पडते.

खुल्या प्रणालीचे घोडे अडते ते बहुतेकदा अशा बंद सॉफ्टवेअरपाशी. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीच्या मुळाशीही प्रिंटरच आहे. एमआयटीच्या प्रयोगशाळेतल्या झेरॉक्सच्या लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकल्याची वर्दी सगळ्यांना मिळावी, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांना करायची होती. त्याचा सोर्स कोड त्यांना मिळाला नाही. पुढे १९८३ मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. नव्या नेटवर्क प्रिंटरमध्ये बंद ड्रायव्हरचा हा अडसर बराच कमी झाला आहे. ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ किंवा एअरप्रिंट हे मानक पाळणारा प्रिंटर ड्रायव्हरशिवाय चालतो. फक्त त्याला शोधणारी ‘अवाही’ ही सेवा बसवलेली आणि चालू हवी.

कागद बाहेर आला, तरी तो बरोबर आला असे नाही. अनेक ठिकाणी कागदाचा आधीपासून निवडलेला आकार अमेरिकी ‘लेटर’ असतो. तो ए४ पेक्षा १८ मिलिमीटर आखूड आहे. त्यामुळे पानाच्या तळाचा मजकूर कापला जातो, किंवा काही प्रिंटर न मिळालेल्या लेटर कागदाची वाट पाहत दिवा लुकलुकवत बसतात. कप्समध्ये आणि प्रोग्राममध्ये, दोन्हीकडे ए४ निवडावा. मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसत असतील, तर आधी पडदा पाहावा. तिथेही चौकोनच असतील, तर प्रिंटरचा दोष नाही, देवनागरी फाँट बसवलेला नाही. लोहित किंवा नोटो बसवला की काम भागते. पडद्यावर जोडाक्षरे नीट आणि कागदावर फुटलेली असतील, तर पीडीएफ ‘इमेज’ म्हणून छापावी.

पावसाळ्यात समुद्रकाठी आणखी एक कारण पुढे येते. ओल धरलेला कागद वळतो, दोन-दोन पाने एकदम ओढली जातात आणि टोनर धड चिकटत नाही. रिम पाकिटातच बंद ठेवावी आणि ट्रेमध्ये दिवसापुरताच कागद घालावा. कागद ओढणारा रबरी रोलर गुळगुळीत झाला असेल, तर ओलसर फडक्याने पुसून वाळू द्यावा. सेटिंग बदलून या तक्रारी जात नाहीत.

शेवटी जतन करणे. पपी रॅममध्ये चालते. बंद करताना ‘सेव्ह फाइल’ केली नाही, तर ड्रायव्हरपासून रांगेपर्यंत सगळी मेहनत पुसली जाते. म्हणून संगणक आणि प्रिंटर दोन्ही बंद करून पुन्हा चालू करावेत. त्यानंतरचे पहिले पान हात न लावता निघाले, तरच जोडणी पुरी झाली असे धरावे.